इमारत, फिल्टर आणि खोडरबर

आधुनिक इमारतींच्या फोटोंचा एक साचा आता आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसला आहे. करडं काँक्रीट, त्यावर एक धारदार सावली, मागे गडद निळं किंवा साफ पांढरं आकाश आणि कोपऱ्यात एखादाच माणूस, तोही पाठमोरा. चंदीगढ असो, अहमदाबाद असो की नरिमन पॉइंट, स्क्रोल करताना सगळं एकाच गावातलं वाटतं. हे फोटो काढण्यात जेवढा वेळ जातो त्याहून जास्त वेळ ते नंतर बनवण्यात जातो. स्नॅपसीड किंवा लाइटरूममध्ये कललेल्या रेषा सरळ होतात, आकाश बदलतं, एचडीआरने भिंतीचा कण न् कण वर येतो आणि नको असलेलं सगळं बोटाने पुसलं जातं.

यावर नाक मुरडणारे लोक आहेत. फोटो जसा आहे तसा ठेवा, बाकी सगळी फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पण 'जाऊ दे रे, गंमत आहे' एवढ्यावर सोडून द्यावं असंही वाटत नाही. इफेक्ट म्हणजे इमारतीवर मारलेला एक शेरा असतो. तो शेरा नेमका आहे की उथळ, की कोणावर अन्याय करणारा, हे तपासता येतं. अनुवाद वाचताना आपण हेच करतो. या लेखात मला काही नावाजलेल्या कलावंतांचे प्रयोग आणि काही तुमच्या-माझ्या फोनवरचे प्रयोग एकाच तराजूत घालायचे आहेत. दोनच प्रश्न विचारू. इफेक्ट लावल्यावर इमारतीबद्दल काही नवं कळलं का? आणि त्यासाठी कोणाला पुसावं लागलं?

मूळ फोटो म्हणजे कुठला?

आधी त्या 'जसा आहे तसा' फोटोबद्दल. आधुनिक वास्तुकलेच्या बाबतीत असा फोटो शोधायला गेलं तर हात रिकामेच राहतात. ल कॉर्ब्युझिए या माणसाने चंदीगढ उभारलं हे आपल्याला माहीत असतं. त्याच्या तरुणपणी त्याने स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फोंद या आपल्या गावी व्हिला श्वॉब नावाचं एक घर बांधलं होतं. पुढे १९२१ साली, तो ज्याचा एक संस्थापक होता त्या 'लेस्प्री नूव्हो' या मासिकात या घराचे फोटो छापून आले. त्या फोटोंमधून अंगणातला मांडव गायब होता. आजूबाजूची झाडंझुडपंही साफ केलेली होती. घर बांधून झाल्यावर त्याचे विचार पुढे सरकले होते. आता त्याला शुद्ध, नितळ आकार हवे होते. घर बदलता येईना, म्हणून त्याने फोटो बदलला. बिआत्रिस कोलोमिना या अभ्यासिकेने याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. मांडव पुसला तरी जमिनीवर त्याची पांढुरकी खूण राहिली, ही तिने टिपलेली बारकाई मला फार आवडते. आपल्या फोनवर काही पुसल्यावर उरतो तसाच तो डाग.

दुसरं उदाहरण त्याहून टोकाचं आहे. मीस व्हान डेर रोहने १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनासाठी जर्मनीचा पॅव्हेलियन बांधला. प्रदर्शन संपल्यावर १९३० मध्ये तो पाडला गेला. म्हणजे इमारत एक वर्षही धड उभी नव्हती. तरीही पुढची पन्नासहून अधिक वर्षं जगभरचे वास्तुविद्यार्थी तिचा अभ्यास करत राहिले, तो मूठभर कृष्णधवल फोटोंवरून. १९८३ ते १९८६ या काळात ती त्याच जागी पुन्हा बांधण्यात आली, ती उरलेले आराखडे, जुन्या पायाचे अवशेष आणि ते फोटो यांच्या आधारे. आज बार्सिलोनाला जाऊन लोक सेल्फी काढतात ती इमारत एका अर्थी आपल्याच फोटोंची प्रत आहे.

तेव्हा आधुनिक इमारत आणि तिचा सजवलेला फोटो ही जोडी पहिल्यापासूनची आहे. 'फेरफार केला' हा आरोप इथे फार दूर जात नाही. फेरफार कशासाठी केला, हे विचारायला हवं.

फोटो उलटा करून पाहा

सर्वात सोपा इफेक्ट घेऊ. बार्सिलोना पॅव्हेलियनच्या आतला, खुर्च्या न दिसणारा एखादा फोटो फोनवर उघडा आणि रोटेटचं बटण दोनदा दाबा. वरचं खाली, खालचं वर. क्षणभर आपल्याला काही बदललंय हेच कळत नाही. छत कुठलं आणि जमीन कुठली, हे शोधावं लागतं.

हा योगायोग नाही. रॉबिन इव्हान्स या समीक्षकाने १९९० मध्ये यावर एक निबंध लिहिला. मीसची इमारत डाव्या-उजव्या बाजूंनी मुद्दाम असमतोल आहे, भिंती एकमेकींना टाळत सरकत जातात. पण इव्हान्सने दाखवलं की समतोल तिथे दुसऱ्याच दिशेने लपला आहे, वर आणि खाली. छताची उंची सुमारे ३.१ मीटर. तिचा मध्य माणसाच्या नजरेच्या पातळीवर येतो आणि ऑनिक्स दगडाच्या प्रसिद्ध भिंतीतला आडवा सांधाही तिथेच आहे. त्यामुळे त्या पातळीच्या वर जेवढं दिसतं तेवढंच खाली. शिवाय जमिनीवरून परतणाऱ्या उजेडाने छतही तितकंच उजळतं. एक बटण दाबून इमारतीचं एक गुपित उघडं पडतं. याला मी समीक्षा म्हणेन, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आता त्याच फोटोवर मिरर इफेक्ट लावा. इन्स्टाग्रामवर इमारतींच्या बाबतीत सध्या सर्वात जास्त दिसणारा हाच असावा. अर्धा फोटो घेऊन त्याचं प्रतिबिंब बाजूला जोडायचं. काय मिळतं? एक रांगोळी. सुंदर असते, नाही म्हणत नाही. पण मीसने जे टाळण्यासाठी एवढा आटापिटा केला, तो देवळासारखा मधोमध बसणारा अक्ष, तो आपण एका झटक्यात परत आणला. आणि हा इफेक्ट पॅव्हेलियनवर लावा की एखाद्या मॉलच्या जिन्यावर, निकाल तोच. जो शेरा कुठल्याही पुस्तकावर मारता येतो तो शेरा वाचून कोणाला काय कळणार?

धूसर करण्याचे दोन प्रकार

टोमास रुफ हा जर्मन छायाचित्रकार. १९९९ पासून दोनेक वर्षं त्याने मीसच्या इमारतींवर एक मालिका केली. तिचं नाव मीसच्या नावातली आद्याक्षरं: 'एल. एम. व्ही. डी. आर.' सुरुवात क्रेफेल्ड गावातल्या मीसच्या दोन घरांपासून झाली, मग त्यात बार्सिलोना आणि इतर इमारती आल्या. रुफने काही फोटो स्वतः काढले, काही जुन्या संग्रहातले घेतले आणि संगणकावर त्यांचे रंग, त्यांचा तपशील बदलला. त्यातलं एक चित्र अनेकांच्या लक्षात राहतं: बार्सिलोना पॅव्हेलियन आडवा ओढल्यासारखा धूसर झालेला, स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीसारखा.

मला हे चित्र फसवं सोपं वाटतं. आज हा मोशन ब्लर कोणीही दहा सेकंदांत करेल. पण या इमारतीवर तो शोभतो, कारण त्या काळच्या आधुनिकांना वेगाचं वेड होतं आणि ही इमारत खरोखरच आली तशी निघून गेली होती. ब्लर इथे इमारतीच्या चरित्रातून येतो. याच मालिकेतले नुसते रंग बदललेले फोटो मात्र माझ्यावर तेवढा परिणाम करत नाहीत. आकाशाला भलता रंग दिला की आपण चित्राकडे पाहतो, घराकडे नाही.

याच्या शेजारी जपानच्या हिरोशी सुगिमोतोला ठेवून पाहा. त्याने १९९७ पासून आधुनिक इमारतींचे धूसर फोटो काढले, तेही संगणकाला हात न लावता. मोठ्या जुन्या धर्तीच्या कॅमेऱ्यात त्याने फोकस अनंताच्याही पलीकडे नेला. त्याचं म्हणणं असं की उत्तम इमारत या हल्ल्यातूनही तगते. तपशील गेले तरी मूळ कल्पना ओळखू येते. ही जवळपास परीक्षाच झाली. हा प्रयोग फोनवर करण्यासारखा आहे. तुमच्या शहरातल्या पाच इमारतींचे फोटो घ्या, ब्लर वाढवत न्या आणि कुठली कधी विरघळते ते पाहा. मी मुंबईतल्या काही इमारतींवर करून पाहिलं. काचेचे नवे टॉवर सर्वात आधी एकमेकांत मिसळतात. पेडर रोडजवळची 'कांचनजंगा' शेवटपर्यंत टिकते. चार्ल्स कोरियांनी केलेली ही २८ मजल्यांची इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिच्या कोपऱ्यांतून कापून काढलेल्या दुमजली गच्च्या नुसते काळे चौकोन झाल्या तरी इमारत कळते.

आणि याच काळ्या चौकोनांपाशी एचडीआरचा घोटाळा समजतो. एचडीआरसारखे इफेक्ट अंधारातले भाग उजळतात आणि उजेडातले दाबतात, म्हणजे सगळीकडचा तपशील दिसावा. पण कांचनजंगातला तो अंधार ही चूक नाही, तोच मूळ मुद्दा आहे. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना त्यासाठी भोवती व्हरांडा असे. कोरियांनी तो व्हरांडा उंच इमारतीत नेला. सावली हे तिथलं बांधकामाचं साहित्य आहे, विटेइतकंच. इफेक्टने सावली उजळली की गच्चीची खोली जाते आणि इमारत रंगीत खोक्यासारखी सपाट होते. थंड प्रदेशांतल्या फोटोंवर घडवलेली आवड आपण उष्ण प्रदेशातल्या इमारतींवर डोळे मिटून लावतो, त्याचा हा परिणाम.

खोट्या फोटोतला खरेपणा

२०१४ साली बेल्जियमच्या झाविए दलोरीने पॅरिसजवळच्या 'व्हिला साव्हॉय'चे फोटो प्रसिद्ध केले. कॉर्ब्युझिएचं हे १९३१ मध्ये पूर्ण झालेलं पांढरंशुभ्र घर वास्तुविद्यार्थ्यांची पंढरीच. दलोरीच्या फोटोंत त्याच्या काचा फुटलेल्या होत्या, भिंतींवर स्प्रेने गिचमीड केलेली होती. फोटो व्हायरल झाले, अनेक जण हळहळले. प्रत्यक्षात घराला धक्काही लागलेला नव्हता. सगळी तोडफोड संगणकावरची.

याला खोडसाळपणा म्हणून सोडून देता आलं असतं, पण घराचा इतिहास पाहा. घर पहिल्यापासून गळत होतं आणि मादाम साव्हॉय आर्किटेक्टला तक्रारीची पत्रं लिहून थकल्या होत्या. युद्धकाळात तिथे आधी जर्मन आणि मग अमेरिकन सैन्य राहिलं. पुढे गावाने ती जागा ताब्यात घेतली आणि शाळेसाठी घर पाडायचा बेत झाला. जगभरातून ओरड झाल्यावर ते वाचलं आणि १९६५ मध्ये त्याला सरकारी संरक्षण मिळालं. आज आपण पाहतो तो चकाचक पांढरा रंग दुरुस्तीनंतरचा आहे. म्हणजे दलोरीचा बनावट फोटो त्या घराच्या आयुष्याच्या एका मोठ्या टप्प्याशी जास्त इमान राखतो आणि कॅलेंडरवरचा खरा फोटो तो टप्पा दडवतो. इफेक्टने इथे काही पुसलं नाही. पुसलेलं परत आणलं.

आंद्रेआस गुर्स्कीचं 'पॅरिस, मोंपार्नास' (१९९३) हेही असंच. झां द्युब्युसॉंने बांधलेली ती प्रचंड लांब गृहसंकुलाची इमारत, तिच्यात सातशेहून अधिक घरं. रस्त्यावरून ती एका नजरेत सरळ समोरून मावत नाही. गुर्स्कीने दोन जागांवरून फोटो घेऊन संगणकावर जोडले. निकाल आहे भिंतभर मोठी एक खिडक्यांची जाळी, कुठल्याही माणसाला एका जागी उभं राहून न दिसणारी. लांबून पाहिलं तर वाटतं, माणसाला मुंगी करणारी हीच ती राक्षसी इमारत. जवळ गेलं की प्रत्येक खिडकीत वेगळा पडदा, वेगळा दिवा, वेगळं सामान. जोडकाम केल्यामुळे तिथे राहणारे लोक दिसतात. गंमत म्हणजे याच गुर्स्कीने १९९९ च्या 'ऱ्हाइन टू' मध्ये नदीकाठची बांधकामं आणि माणसं पुसून टाकली आणि तो फोटो २०११ मध्ये ४३ लाख डॉलरला विकला गेला. मला त्याचं मोंपार्नास जास्त मोलाचं वाटतं.

बेलापूरमध्ये खोडरबर

आता आपल्या फोनमधल्या खोडरबराकडे येऊ. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल फोनबरोबर मॅजिक इरेझर आणला, सॅमसंगकडे तसंच काहीसं होतं, २०२४ मध्ये अॅपलनेही 'क्लीन अप' दिलं. वस्तूवर बोट फिरवायचं, ती जाते आणि मागे काय असेल याचा अंदाज बांधून यंत्र ती जागा भरतं.

हा इफेक्ट मी नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजच्या फोटोंवर लावून पाहिला. सिडकोसाठी कोरियांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात केलेली ही वसाहत. सात-सात घरांचे गट, मध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचं सामाईक अंगण, उतरती छपरं. वास्तुकलेच्या पुस्तकांत तिचे जे फोटो येतात ते बहुतेक सुरुवातीचे: चुन्याने रंगवल्यासारख्या भिंती, कौलं, अंगणात खेळणारी पोरं. प्रत्यक्षात गेलं तर बऱ्याच घरांवर मजले चढलेत, ग्रिल आलेत, टाइल्स आल्यात, काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, एसीचे डबे, दारात स्कूटर.

खोडरबराने काम चोख केलं. टाकी गेली, तिथे आकाश आलं. ग्रिल गेलं, त्याजागी यंत्राने मऊशी भिंत काढून दिली. दोरीवरचे कपडे गेले. पावसाळ्यात निळी ताडपत्री बांधलेला कठडा मोकळा झाला. काही मिनिटांत माझ्याकडे पुस्तकात शोभेल असा फोटो होता आणि तो बघताना मला कोणाच्या तरी घरात न विचारता आवराआवर केल्यासारखं वाटलं.

कारण इथे एक विशेष गोष्ट आहे. या घरांना एकमेकांत सामाईक भिंत मुद्दामच दिलेली नव्हती. शेजाऱ्याची परवानगी न मागता प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं, गावातल्या गवंड्याकडून ते करून घेता यावं, हीच कल्पना होती. म्हणजे ज्याला आपण 'क्लटर' समजून पुसतो तो या आराखड्याचा पुढचा भाग आहे. वाढलेली सगळीच घरं सुंदर आहेत असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी अंगणांवर दाब आला आहे, उजेड कमी झाला आहे. पण ते सगळं पुसल्यावर फोटोत कोरियांची कल्पना उरत नाही. उरतो तो पहिला हप्ता.

'एक फोटोच तर आहे' असं इथे म्हणता येईल. ते अर्धंच खरं आहे. इमारती टिकायच्या की पाडायच्या हे ठरतं तेव्हा लोकांच्या मनात तिचं कुठलं चित्र आहे याला किंमत असते. दिल्लीच्या प्रगती मैदानातला राज रेवल आणि महेंद्र राज यांचा 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२ चा, काँक्रीटच्या जाळीचा अचाट नमुना. आर्किटेक्ट लोक त्याच्या फोटोंवर जीव टाकत. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडला, तेव्हा वास्तुकलेच्या वर्तुळाबाहेर फारशी खळबळ झाली नाही. याची कारणं अनेक आहेत, सरकारी धोरणाची आहेत, जागेच्या पैशाची आहेत. पण एक कारण मला आपल्या फोटोंतही दिसतं. आपण या इमारती नेहमी रिकाम्या, डागविरहित, शिल्पासारख्या दाखवल्या. तिथे जत्रा भरायची, पुस्तक प्रदर्शनं व्हायची, शाळेच्या सहली यायच्या, हे त्या देखण्या फोटोंत क्वचितच दिसलं. मग चार पावसाळ्यांनी काळवंडलेलं खरं काँक्रीट समोर आलं की लोकांना ती इमारत बिघडलेली वाटते. फोटोतल्या आदर्शाच्या तुलनेत प्रत्येक खरी इमारत नापासच होणार.

म्हणून प्रयोग कमी करा असं मी सुचवत नाही. उलट आपले प्रयोग फार भित्रे आहेत. पाच-सहा प्रीसेटच्या पलीकडे आपण जात नाही आणि ते सगळे इमारतीला गोरंगोमटं करण्याच्या कामाचे. त्यापेक्षा एकाच जागेवरून जानेवारीत आणि जुलैत काढलेले फोटो एकमेकांवर चढवून पाहा. काँक्रीटवर पाणी कुठून ओघळतं ते दिसेल. एका इमारतीच्या सगळ्या खिडक्या कापून ओळीने मांडा, आर्किटेक्टची एक खिडकी आणि रहिवाशांच्या चाळीस, हा फरक दिसेल. कांचनजंगाच्या सावल्या उजळण्याऐवजी आणखी गडद करा. आणि खोडरबर वापरायचाच तर उलटा वापरा: इमारत पुसा आणि फक्त टाक्या, ग्रिल, कपडे, कुंड्या ठेवा. बेलापूरच्या एका फोटोवर मी तेही केलं. हवेत तरंगणाऱ्या त्या वस्तूंवरून मजले, खिडक्या, गच्ची, जिना सगळं ओळखता येतं. कोण कुठे राहतं तेही.